रेवतीची उंची

ज्येष्ठ संपता संपता घडलेली गोष्ट. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटायचे नाही. ताम्हिणीकडून ढग निघतात ते थेट आमच्या पडवीत येऊन बसतात. अशा पावसात, चिखल तुडवीत, चार पाहुणे आमच्या घरी आले. निमित्त माझ्या नातीला पाहण्याचे. नात हिंजवडीला संगणकाच्या एका कंपनीत काम करते. हिंजवडी आमच्याच तालुक्यातली. तालुक्याच्या एका टोकाला आम्ही आंबेमोहोर लावतो आणि दुसऱ्या टोकाला आमच्या मुली परदेशातल्या पेढ्यांचे हिशेब लावतात.

पोहे झाले, चहा झाला. मुलगा मोकळा, हसरा, शिकलेला. बोलता बोलता दोघांना शोध लागला की आपल्याला एकच वेड आहे, ते म्हणजे दूरचित्रवाणीवरच्या अवकाशमालिकांचे. मग काय विचारता! अर्धा तास तिथे याने उडत होती, ग्रह फुटत होते, आणि आम्ही वडीलधारी माणसे एकमेकांकडे पाहून समाधानाने हसत होतो. मुलाची आई म्हणाली, "हा तीन वर्षं अमेरिकेत होता हो. लग्न झालेलं असतं तर ती थांबलीच असती की इथं. तीन वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातात." माझी नात सहज म्हणाली, "मलाही कंपनी दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवणार आहे. पुढच्या हिवाळ्यात." खोलीत एकदम पाऊस ऐकू येऊ लागला. मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली आणि अगदी प्रामाणिक आश्चर्याने विचारले, "मग ह्यानं इथं काय करायचं?"

गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना खरेच प्रश्न पडला होता. मला खटकले ते त्यांचे बोलणे नव्हे, मुलाचे न बोलणे खटकले. जो घटकेपूर्वी दहा ग्रहांची नावे घडाघडा सांगत होता, तो बशीतल्या कोथिंबिरीकडे पाहत बसला.

त्या रात्री वीज गेली होती. अंधारात नात म्हणाली, "आजी, त्याला एवढं एक वाक्य बोलता आलं नाही. 'मी थांबेन.' दोनच तर शब्द आहेत."

मी म्हटले, "कुठून येणार बाई? ज्या गोष्टी पाहून तो मोठा झाला, त्यांत हे वाक्य कोणता पुरुष बोलतो?"

हे मी रागाच्या भरात बोलून गेले. पण बोललेले खरे आहे की नाही हे पडताळून पाहण्याची मास्तरकीची खोड मला आहे. २०२० च्या टाळेबंदीत नात घरी बसून काम करू लागली, तेव्हापासून आम्ही दोघींनी संध्याकाळी ह्या मालिका पाहिल्या आहेत. त्यामुळे पुरावा हाताशी होता. तो तपासून मी आज आरोपपत्र दाखल करीत आहे.

आरोप असा. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेने प्रकाशाहून वेगाने धावणारे यान कल्पिले, हृदय असलेले यंत्र कल्पिले, काळाची गाठ सोडून मागे जाणारी पेटी कल्पिली. तिला कल्पिता आला नाही तो एकच प्राणी. बायको कामाला गेली असता तिची वाट पाहणारा, आणि त्यात आपले काही उणे झाले असे न मानणारा पुरुष. त्या कथांत पुरुषाचे प्रेम हा वाटेवरचा मुक्काम असतो. रात्र काढावी, सकाळी घोडा जोडावा. बाईचे प्रेम हा जकातनाका असतो. काहीतरी मोजून दिल्याखेरीज तिला पुढे सोडीत नाहीत.

कोणी म्हणेल, आजीबाई, ही साहेबांची करमणूक. दिवाळीच्या फराळात तुम्ही ही कसली कडू कारळी वाढता? त्यांना मी एवढेच सांगते की ही करमणूक आता साहेबांची राहिलेली नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही पुण्यात बिऱ्हाडाला होतो. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागे, आणि अभ्यंगाला हाक मारूनही न उठणारी मुले त्या खोक्यासमोर आपण होऊन येऊन बसत. पुढे आपलीही 'स्पेस सिटी सिग्मा' आली, १९९८ साली मिलिंद सोमणांचा 'कॅप्टन व्योम' आला. आज तर घरोघरी, खिशाखिशांत हा पडदा आहे. ज्या गोष्टींवर मुले वाढतात त्या गोष्टींचा हिशेब आजीने नाही घ्यायचा तर कोणी?

आता पुराव्याकडे वळते. विज्ञानात प्रयोगाचा एक साधा नियम आहे. दोन भांडी घ्यावीत, सगळे सारखे ठेवावे, एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडतो ते पाहावे. नवल असे की ह्या मालिकावाल्यांनी नकळत हाच प्रयोग स्वतःवर करून ठेवला आहे. पात्र तेच, पद तेच, फक्त पुरुषाच्या जागी बाई किंवा बाईच्या जागी पुरुष. आपण नुसते निकाल वाचायचे.

पहिला प्रयोग 'स्टार ट्रेक'चाच. जीन रॉडनबेरी ह्यांनी १९६४-६५ च्या सुमारास तिचा पहिला नमुना-भाग तयार केला, तेव्हा यानावरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी एक स्त्री होती. शांत, बुद्धिमान, कप्तानाच्या गैरहजेरीत यान चालवणारी. मजल बॅरेट ह्या नटीने ते काम केले होते. बाईला नाव मात्र दिलेले नव्हते, 'नंबर वन' एवढीच तिची ओळख. तो भाग वाहिनीने परत पाठवला. का पाठवला ह्याविषयी दोन कथा सांगतात. एक म्हणते, अधिकारपदावरची बाई वाहिनीला नको होती. दुसरी म्हणते, बाई चालली असती, निर्मात्याची मैत्रीण चालली नाही. कोणतीही खरी धरा, नंतर काय झाले ते पाहा. ८ सप्टेंबर १९६६ ला मालिका सुरू झाली. त्या बाईचा थंडपणा आणि बुद्धी दोन्ही उचलून स्पॉक नावाच्या पुरुषपात्राला देण्यात आली, आणि त्याच गुणांवर तो जगभर पूजला गेला. मजल बॅरेट परत आली ती परिचारिका होऊन! ह्या परिचारिकेची कथा काय? हरवलेल्या वाग्दत्त वराला शोधायला तिने आपले संशोधन सोडले आणि यानावर नोकरी धरली. तो सापडला, तोही यंत्र होऊन. मग ती स्पॉकवर जीव लावून बसली, आणि तो काही तिला दाद देईना. पाहा वाचकहो, कप्तानाच्या शेजारची खुर्ची गेली, संशोधन गेले, हाती उरले एकतर्फी प्रेम आणि तापमापक.

त्याच यानाचा कप्तान कर्क. ह्या गृहस्थांना दर काही ग्रहांमागे एक सुंदरी भेटते. भाग संपतो, यान निघते, कप्तान पुन्हा आपल्या खुर्चीत ताजातवाना. ह्या प्रेमांची त्याच्या नोकरीच्या पुस्तकात एक नोंद होत नाही. ज्या एका प्रेमाने तो खरोखर हलला, त्याची किंमतसुद्धा कोणी दिली पाहा. १९६७ सालच्या एका गाजलेल्या भागात तो काळाच्या दारातून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जातो. तिथे ईडिथ कीलर नावाची बाई गरिबांसाठी अन्नछत्र चालवते, शांततेची स्वप्ने पाहते. दोघांचे प्रेम जमते. मग कळते की ही बाई जगली तर तिच्या शांतताचळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. म्हणून तिने मोटारीखाली मेलेच पाहिजे. कप्तान तिला वाचवू पाहणाऱ्या मित्राला धरून ठेवतो आणि ती मरते. भाग उत्तम आहे. मलाही रडू आले, ते मी लपवीत नाही. पण डोळे पुसल्यावर मनात आले की इतिहासाच्या तराजूत तोल साधायला नेमकी बाईच का टाकावी लागते? आणि कथा संपते ती कप्तानाच्या दुःखावर. मेली ती, हळहळायचे आपण त्याच्यासाठी.

त्या मालिकेचा शेवटचा भाग ३ जून १९६९ ला दाखवला गेला. त्यात कर्कची जुनी प्रेयसी येते. यानाचे कप्तानपद स्त्रीला मिळत नाही ह्या दुःखाने ती वेडीपिशी झाली आहे, म्हणून ती यंत्राच्या साहाय्याने त्याच्याशी शरीराची अदलाबदल करते. कथेचा रोख असा की बाईला कप्तानपदाची हाव सुटली की तिचे डोके फिरते. तीनशे वर्षांनंतरच्या जगाचे हे चित्र! आणि वस्तुस्थिती? ह्या भागाच्या सहा वर्षे आधी, १६ जून १९६३ ला, वालेंतिना तेरेश्कोवा एकटी यान घेऊन वर गेली होती, आणि पृथ्वीला अठ्ठेचाळीस प्रदक्षिणा घालून सुखरूप उतरली होती. भविष्यकथा वर्तमानाच्याही मागे पडली, असे उदाहरण दुसरे सापडायचे नाही.

दुसरा प्रयोग. पद तेच, कप्तानाचे, माणूस बदलला. १९९५ साली त्याच मालिकाकुळात कॅथरिन जेनवे ही स्त्री-कप्तान झाली. तिचे यान घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले गेले. मला आनंद झाला. म्हटले, चला, उशिरा का होईना, खुर्ची मिळाली. पण खुर्चीबरोबर काय काय आले ते पाहा. कर्कच्या मागे घरी वाट पाहणारे कोणी नव्हते, त्यामुळे त्याला कशाची चुटपुट नव्हती. जेनवेच्या मागे मात्र वाग्दत्त वर ठेवला, आणि चौथ्या वर्षी पत्र आणले की त्याने दुसरीशी लग्न केले. यान बेपत्ता, सगळे मेले असे समजून त्याने केले, त्याला मी दोष देत नाही. पण पुरुष वाट पाहतो अशी गोष्ट लिहायची एवढी चालून आलेली संधी, तीही लेखकांनी दवडली! सहप्रवासी अधिकाऱ्याशी तिचे मन जुळू लागले, तर तेही सात वर्षे उंबऱ्यावरच ठेवले. कप्तान बाईने हाताखालच्या माणसावर प्रेम केले तर तिचा मान कसा राहील? प्रश्न रास्त आहे. पण हा प्रश्न कर्कच्या वेळी कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

शेवटी सहाव्या वर्षी तिला प्रियकर मिळाला, तो प्रकाशाचा, यंत्राने निर्माण केलेला! आयर्लंडातल्या एका खोट्या खेड्यातला हा खोटा पुरुष. बाईने यंत्राला सांगून त्याच्यात फेरफार केले. त्याला अधिक शिकलेला केला, त्याची बायको पुसून टाकली, आणि त्याची उंची तीन सेंटिमीटर वाढवली. ही उंची वाचकांनी ध्यानात ठेवावी. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

तिसरा प्रयोग सर्वांत स्वच्छ. १९७८ च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' मालिकेत स्टारबक नावाचा वैमानिक होता. चिरूट ओढणारा, पत्ते कुटणारा, प्रत्येक पोरीला डोळा घालणारा, आणि सगळ्यांचा लाडका. तो असा का, हे कोणी विचारले नाही. पुरुष आहे, वैमानिक आहे, मिश्कील आहे, संपले. २००३-०४ साली मालिका नव्याने आली तेव्हा स्टारबक बाई झाली. चिरूट तोच, पत्ते तेच, बेफिकिरी तीच. जुन्या नटाने ह्या बदलावर जाहीर लेख लिहून त्रागा केला. तो हास्यास्पद होता, सोडून द्या. मला बोलायचे आहे ते नव्या लेखकांविषयी, कारण ते शहाणे होते, सहानुभूतीने लिहीत होते. त्यांनी काय केले? तिच्या बेफिकिरीला कारण शोधले. आईने लहानपणी मारले, बोटे मोडली, म्हणून ही अशी. जी वागणूक पुरुषात स्वभाव होती, ती बाईत जखम झाली. त्याची प्रेमप्रकरणे म्हणजे गंमत, तिची म्हणजे लक्षणे. आणि २००९ साली शेवट करताना तिचे काय करावे हे सुचले नाही म्हणून की काय, तिच्यावर प्रेम करणारा समोर उभा असताना ती बोलता बोलता हवेत विरून गेली.

चौथा प्रयोग इंग्लंडातला. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. तिचा नायक मरणाच्या दारात पोचला की नवे शरीर धारण करतो, म्हणजे आत्मा तोच, कुडी नवी. आपल्याला ही कल्पना समजावून सांगायला नको. नव्या काळात हा डॉक्टर प्रेमात पडू लागला. एका मुलीला दुसऱ्या विश्वाच्या किनाऱ्यावर सोडून आला, एकीचे एकतर्फी प्रेम त्याला दिसलेच नाही, एका राजाच्या प्रेयसीसाठी आरसा फोडून गेला, आणि २०११ साली त्याने लग्नही केले. सोबत राहिलो तर पुढे दुःख होईल ही भीती त्यालाही होती, पण ती भीती बाळगून त्याने प्रेम केले. २०१७ साली डॉक्टरने स्त्रीदेह घेतला. आत्मा तोच. २०२२ मध्ये तिची सोबतीण तिच्यावर प्रेम करते हे उघड झाले, तेव्हा ही डॉक्टर म्हणाली, भावना मलाही आहे, पण नको, ताटातूट होईल. कोणी म्हणेल, दोघीही बायका होत्या म्हणून लेखक बिचकले. असेल. पण मग बिचकणे दुप्पट झाले म्हणा. जे पुरुषदेहात धाडस होते ते स्त्रीदेहात शिरताच संयम झाले, एवढे मात्र कोणाला नाकारता येणार नाही.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला, प्रेक्षकांना हेच आवडते. मला हे खोटे वाटते. १९६८ साली 'स्टार ट्रेक' बंद पडू लागली तेव्हा पत्रांचा पाऊस पाडून ती वाचवली, त्या मोहिमेत पुढे होत्या बीजो ट्रिंबल ह्या बाई आणि त्यांचे पती. त्या मालिकेवर चाहत्यांनी जी हौशी नियतकालिके काढली, त्यांत नव्या कथा रचणाऱ्यांत बायकांचाच भरणा होता. ताटातले पोटभर असते तर त्यांनी वेगळी चूल कशाला मांडली असती?

दुसरा आक्षेप अधिक भारी आहे. एकटी बाई दाखवली तर त्यात अपमान कसला? उलट तिचे सामर्थ्य दिसते. मान्य. एकटे राहणे हा अपमान नव्हे. मी स्वतः वीस वर्षे वैधव्यात काढली आहेत आणि कोणाची कीव मागितलेली नाही. पण एकटेपण निवडलेले असले तर ते सामर्थ्य. खुर्चीच्या भाड्यात ते कापून घेतले जात असेल तर तो दंड. कर्कला निवड होती, जेनवेला करार होता.

आता साहेबाला पुष्कळ झोडपले, थोडे घरात पाहू. कारण ही खोड त्याच्याकडून आपल्याला लागली असे मी म्हणणार नाही. आपल्या पुराणांत विज्ञानकथेचा सगळा साचा तयार आहे. कच दुसऱ्या लोकातून येतो तो एक विद्या हस्तगत करायला. देवयानी त्याच्यावर प्रेम करते, बापाकडे हट्ट धरून त्याला तीनदा जिवंत करविते. विद्या हाती आल्यावर स्वारी म्हणते, तू मला बहिणीसारखी, आणि स्वर्गाला निघते. ग्रह, सुंदरी, कार्यभाग, प्रस्थान. कप्तान कर्कने ह्याहून वेगळे काय केले? खाडिलकरांनी १९१३ साली 'विद्याहरण' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून आपण कचाचा कर्तव्यनिष्ठ म्हणून गौरव करतो आणि देवयानीला हट्टी ठरवतो.

आणि रेवती! विष्णुपुराणातली ही कथा आज भौतिकीच्या वर्गात सांगावी अशी आहे. कुशस्थलीचा राजा रैवत ककुद्मी मुलीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गंधर्वांचे गाणे चालले होते. ते संपेपर्यंत थांबला. गाणे घटकाभराचे वाटले, पण पृथ्वीवर युगांमागून युगे लोटली. मनात योजलेले वर, त्यांची मुले, नातवंडे, सगळी नाहीशी झालेली. ब्रह्मदेव म्हणाले, आता द्वारकेत बलराम आहे, त्याला दे. बाप मुलीला घेऊन उतरला. मधल्या काळात माणसे खुजी झाली होती, रेवती जुन्या युगाची, उंच. बलरामाने पाहिले, ही आपल्याहून फारच उंच. त्याने काय केले? नांगराचे टोक लावून तिला खाली ओढली आणि इतर बायकांएवढी करून घेतली. मग लग्न लागले.

काळाचे अंतर ओलांडून आलेली ही आपली पहिली अवकाशयात्री. दोन युगे पाहिलेली एकमेव बाई. तिला कोणी विचारले नाही की तुला तिथे काय दिसले. तिची फक्त उंची मोजली.

आता ते तीन सेंटिमीटर आठवा. पुराणात वराला वधू उंच वाटली तर वधू खाली ओढली. मालिकेत कप्तान बाईला पुरुष बुटका वाटला तर पुरुष वर ओढला. नांगर गेला, संगणक आला, हुकूम करणारा हात बाईचा झाला, तरी चित्र पुरे झाले तेव्हा पुरुष थोडा उंचच! हवा तसा पुरुष निर्माण करणारे यंत्र हाती असताना, आपल्याएवढा किंवा आपल्याहून बुटका पुरुष गोड मानून घ्यावा, हे त्या बाईला सुचले नाही. म्हणजे तिच्या लेखकांना सुचले नाही. ह्यालाच मी कल्पनेचे दारिद्र्य म्हणते.

आणि हे दारिद्र्य अधिक लाजिरवाणे आहे, कारण प्रत्यक्ष आयुष्य कधीच पुढे निघून गेले आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी एकट्या जहाजात बसून अमेरिकेला गेल्या. त्या काळी सातासमुद्रांपलीकडे जाणे हे आजच्या अवकाशप्रवासाहून कमी नव्हते. गोपाळराव मागे राहिले. नवरा इकडे, बायको तिकडे शिकते आहे! गोपाळरावांना हे सोपे गेले नाही. त्यांनी तिला पाठवलेही स्वतःच आणि बोचरी पत्रेही स्वतःच लिहिली. अभिमान आणि मत्सर एकाच लेखणीतून उतरत होते. १८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली. सांगा, मागे राहिलेल्या पुरुषाच्या मनातली ही धुमश्चक्री कोणत्या अवकाशमालिकेने इतकी खोल दाखवली आहे? आणि परवाचे पाहा. सुनीता विल्यम्स जून २०२४ मध्ये थोड्या दिवसांसाठी वर गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये परतल्या. नऊ महिने त्यांचे पती पृथ्वीवरच होते. कथेत ज्याला जागा सापडत नाही, तो पुरुष जगात आहे.

अपवाद मुळीच नाहीत असे मी म्हणत नाही. २०१५ पासून 'द एक्स्पान्स' नावाची मालिका आली, तिच्यात अवासराला नावाची एक साडी नेसणारी, शिवराळ आजी पृथ्वीचा कारभार चालवते, आणि तिचा नवरा घरी असतो, शिकवतो, तिच्यावर प्रेम करतो. मला वाटले, मिळाला एकदाचा! पण पुढे ती चंद्रावर गेली, तो पृथ्वीवर राहिला, आणि एक लघुग्रह पृथ्वीवर आदळवला गेला, त्यात तो गेला. वाट पाहणारा पुरुष दाखवला, पण फार काळ ठेवला नाही. आणि ज्या 'नंबर वन' बाईला १९६६ साली यानावरून उतरवले होते, तिला २०२२ साली नव्या मालिकेत परत खुर्ची मिळाली. तीही नावासकट. छप्पन वर्षे लागली. असो.

मग आमची मागणी काय? बायकांनीही ग्रहागणिक एक प्रियकर करावा आणि सोडावा, ही? छे! कर्कचे परकर-पोलक्यातले रूप मला नको आहे. मागणी एवढीच की मोजपट्टी एक असावी. त्याच्या प्रेमाला किंमत नसेल तर तिच्याही नसावी. तिच्या प्रेमाला किंमत असेल तर त्यानेही थोडी मोजावी.

ही मागणी मी परक्या निर्मात्यांकडे करीत नाही, आपल्या लेखकांकडे करते. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून उभी आहे. तिच्याच स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि मराठी विज्ञानकथेला नवी पालवी फुटली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या पुण्यात, खोडदच्या दुर्बिणींच्या जिल्ह्यात, अवकाशाची गोष्ट लिहायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. अजून मराठीत अशी मालिका व्हायची आहे. होईल तेव्हा लेखकाने दोन पात्रे कल्पावीत. एक, दूर निघालेली बाई, जिला जाताना काही गहाण ठेवावे लागत नाही. दुसरा, मागे राहिलेला पुरुष, जो स्वयंपाक करतो, चिडतो, गोपाळरावांसारखी चार बोचरी पत्रे लिहून फाडून टाकतो, आणि थांबतो. यान, ग्रह, स्फोट हे सगळे मग हवे तेवढे घाला.

नात मार्गशीर्षात जर्मनीला निघणार. तिच्यासाठी मेतकूट आणि भाजणी बांधून ठेवली आहे. त्या मुलाकडून नकार आला नाही, होकारही आला नाही. वडिलांचा एकदा दूरध्वनी आला होता. "विचार चाललाय," म्हणाले. मी म्हटले, "चालू द्या. दोन वर्षं आहेत. बघता बघता जातात."